काशीचं पाणी, घराण्याचं रक्त

वाराणसीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कोणाचे पूर्वज पैठणहून आले, कोणाचे कोकणातून. कोणी पेशवाईत, कोणी त्याच्याही आधी. गागाभट्टांचं घराणं मूळचं पैठणचं. झाशीच्या राणीचा जन्म काशीतला. या घरांतल्या सोयरिकी बराच काळ आपल्याच लोकांत होत राहिल्या, त्यामुळे रक्त महाराष्ट्रातलं राहिलं. पाणी, धान्य आणि हवा मात्र पूर्वांचलाची झाली. एखादा आजार ठरावीक प्रदेशातच का वाढतो हे शोधणाऱ्यासमोर नेमका हाच गुंता असतो. एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच नळाचं पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी एकात रोग येतो, दुसऱ्यात येत नाही. दोष रक्तात शोधायचा की पाण्यात?

यकृताच्या आणि त्याला खालून चिकटलेल्या पित्ताशयाच्या कॅन्सरबाबत हा प्रश्न गेली कित्येक वर्षं जगभर विचारला जातो आहे. वाराणसीचा विचार करताना या दोन अवयवांना वेगळं काढता येत नाही. यकृत रोज पाऊण ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला काही भाग पित्ताशयाच्या छोट्या पिशवीत साठतो, तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो दाट होतो आणि जेवण झालं की आतड्यात उतरतो. यकृताने शरीराबाहेर टाकायला काढलेलं बरंच काही याच वाटेने जातं. म्हणजे यकृताने जे गाळलं ते पित्ताशयाला सोसावं लागतं. देशाच्या दक्षिण भागात पित्ताशयाचा कॅन्सर विरळा आहे. दिल्लीपासून उत्तर प्रदेश, बिहार ओलांडून आसामपर्यंत, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, तो बायकांमध्ये जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एका प्रमाणात आढळतो. बायकांना तो पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त होतो. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेक वेळा कावीळ झालेली असते आणि रोग यकृतात शिरलेला असतो. या रोगात उशिरा येणं हा अपवाद नाही, नियम आहे. त्याची खंत या क्षेत्रातल्या प्रत्येक डॉक्टरच्या बोलण्यात ऐकू येते.

वाराणसीतली ही गरज ओळखून टाटा मेमोरियल सेंटरने लहरतारा इथलं रेल्वेचं जुनं कॅन्सर रुग्णालय चालवायला घेतलं. ते आता होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल म्हणून ओळखलं जातं. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात महामना पंडित मदन मोहन मालवीय कॅन्सर सेंटर उभं राहिलं. दोन्हींचं उद्घाटन १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं. पूर्वी ज्या रुग्णांना परळचं टाटा रुग्णालय गाठण्यासाठी लांबचा रेल्वेप्रवास आणि मुंबईच्या फुटपाथवरचा मुक्काम सोसावा लागे, त्यांतल्या अनेकांना आता घराजवळ उपचार मिळतात. जिल्ह्यातल्या कॅन्सर रुग्णांची पद्धतशीर नोंदही टाटाच्याच पुढाकाराने होते. नोंद नसेल तर कोणता रोग कुठे वाढतो आहे हे कळायला मार्ग नसतो.

आता जनुकांकडे वळू. माणसाचा डीएनए म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. छापखाना येण्याआधी पोथ्या हाताने उतरवल्या जात आणि एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत जागोजागी पाठभेद सापडत, तसं डीएनएचं आहे. कोणत्याही दोन माणसांच्या मजकुरात लाखो ठिकाणी अक्षर वेगळं निघतं. बहुतेक पाठभेदांनी अर्थ बदलत नाही. थोड्यांनी किंचित बदलतो. अगदी मोजक्या ठिकाणी अक्षर बदललं की एखादं प्रथिन नीट बनत नाही. आपण जन्मताना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती घेऊन येतो, त्यामुळे एखादा पाठभेद कोणाकडे एकेरी असतो, कोणाकडे दुहेरी.

यकृताच्या बाबतीत असा सर्वांत प्रसिद्ध पाठभेद अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या संशोधकांनी २००८ साली जाहीर केला. जनुकाचं नाव पीएनपीएलए-३. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनातला १४८ वा दुवा काही लोकांत आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिनचा असतो. एवढ्याशा फरकाने यकृताच्या पेशींत चरबी साठून राहते. हा पाठभेद दुर्मीळ नाही. दक्षिण आशियातल्या लोकांच्या डीएनएच्या प्रती तपासल्या तर साधारण चारांपैकी एकीत तो सापडतो. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की दारू पिणाऱ्या किंवा यकृतात चरबी असलेल्या लोकांत या पाठभेदाच्या प्रत्येक प्रतीमागे यकृताच्या कॅन्सरचा धोका दुपटीच्या आसपास जातो.

दुप्पट हा शब्द वाचून छातीत धस्स होतं, म्हणून २०१७ मधलं एक निरीक्षण लगेच सांगायला हवं. वजन बेताचं असलेल्या माणसांत या पाठभेदाचा यकृतावर फार थोडा परिणाम दिसला. जसजसं वजन वाढत गेलं तसतसा तोच पाठभेद जास्त घातक ठरत गेला. अक्षर तेच, वाचणारं शरीर बदललं. जन्मजात मिळालेला धोका प्रत्यक्षात किती उतरेल हे ताटात, ग्लासात आणि कंबरेच्या घेरात ठरतं. जनुकशास्त्रातल्या शोधांपैकी मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो माणसाच्या हातात काहीतरी ठेवतो. उलट दिशेचं उदाहरणही आहे. एचएसडी१७बी१३ या जनुकाचं काम बिघडवणारा एक पाठभेद २०१८ साली समोर आला. तो ज्यांच्याकडे असतो त्यांचं यकृत दीर्घकाळच्या आजारापासून तुलनेने बचावतं. म्हणजे काही लोकांना बिघाडानेच संरक्षण दिलं आहे, आणि औषध शोधणारे आता त्या बिघाडाची नक्कल करण्याच्या मागे आहेत.

पाठभेद सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत, ही गोष्ट आपल्या देशासाठी विशेष महत्त्वाची. उत्तर युरोपातल्या लोकांत यकृतात लोह साठवणारा एक जनुकीय दोष बराच आढळतो आणि त्यातून सिरॉसिस व कॅन्सर होतो. आपल्याकडे तो जवळजवळ नाही. चीन-जपानमधल्या अनेकांत दारूचं विषारी रूप निकामी करणारं विकर मंद असतं. घोटभर दारूने त्यांचा चेहरा लाल होतो. हा पाठभेदही आपल्याकडे फारसा नाही. भारतात तर एकाच गावातल्या दोन जातींत फरक निघतो. हे ठोसपणे मांडणाऱ्यांत जनुकशास्त्रज्ञ लालजी सिंह होते. ते मूळचे शेजारच्या जौनपूर जिल्ह्यातले, बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी आणि २०११ ते २०१४ या काळात त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. २००९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की कित्येक पिढ्यांच्या जातिअंतर्गत विवाहांमुळे भारतातले अनेक समाज जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून वेगळे राहिले आहेत. त्यामुळे युरोपीय लोकांवर बेतलेली जनुकचाचणी काशीतल्या माणसाला लावली तर ती नको तिथे घाबरवेल आणि हवं तिथे गप्प बसेल.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. वर सांगितले ते पाठभेद आपण जन्माला घेऊन येतो. दुसऱ्या प्रकारचे बदल जगताना घडतात, एखाद्या पेशीत, एखाद्या विषामुळे. दमट जागी साठवलेल्या मक्याला, शेंगदाण्याला जी बुरशी लागते तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे असं विष. १९९१ साली दोन स्वतंत्र गटांनी चीनमधल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या यकृत कॅन्सरच्या गाठी तपासल्या. टीपी-५३ या पेशीरक्षक जनुकात अनेक गाठींमध्ये एकाच जागी, २४९ व्या स्थानावर, तोच बदल आढळला. विषाने आपली सही मागे ठेवली होती. आपल्याकडे या विषाचा तडाखा १९७४ मध्ये बसला. गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागातल्या आदिवासी पाड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ माणसं काविळीने आजारी पडली आणि १०६ दगावली. अवकाळी पावसात भिजलेलं धान्य फेकून देणं ज्यांना परवडत नव्हतं, तेच मेले.

एका घरात दोन-तीन भावंडांना यकृताचा कॅन्सर झाला की नातेवाईक म्हणतात, त्यांच्या घराण्यातच आहे. पुष्कळदा त्या घराण्यात जनुक नसतो, विषाणू असतो. हिपॅटायटिस-बीचा विषाणू बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला लागतो. प्रौढ माणसाला तो लागला तर शंभरातल्या पंच्याण्णवांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. नवजात बाळाला लागला तर दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृतावर वार करतो. आईकडून मुलांना आणि मुलीकडून नातवंडांना जाणारा हा वारसा आनुवंशिक आजारासारखा हुबेहूब दिसतो. तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून १९८१ मध्ये निष्कर्ष काढला गेला, की शरीरात हा विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट होता. जनुकीय पाठभेदाने दुप्पट आणि विषाणूने दोनशे पट. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणाची भीती आधी धरायची याबद्दल शंका उरत नाही. तैवानने १९८४ पासून बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या मुलांमधलं यकृत कॅन्सरचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्या मुलांचे जनुक बदलले नव्हते.

पुन्हा काशीकडे, पित्ताशयाकडे येऊ. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतले शल्यविशारद व्ही. के. शुक्ल आणि सहकाऱ्यांनी या रोगाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पित्ताशयाचा कॅन्सर असलेल्यांचा आणि नुसते पित्तखडे असलेल्यांचा पित्तरस त्यांनी तपासला. कॅन्सरच्या रुग्णांच्या पित्तात कॅडमियम, क्रोमियम आणि शिसं हे जड धातू लक्षणीय जास्त निघाले. हे काम १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. विषमज्वराचे जंतू पित्ताशयात, विशेषतः खड्यांच्या पृष्ठभागावर, वर्षानुवर्षं दडून राहतात, त्यांचा या कॅन्सरशी असलेला संबंधही त्यांनी तपासला. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि जंतू आत राहतो.

मग जनुकांचा वाटा किती? याचं उत्तर शोधायचं तर हजारो माणसांचा डीएनए लागतो. ते काम मुंबईत, टाटा मेमोरियल सेंटरमध्ये झालं. राजेश दीक्षित, शरयू म्हात्रे आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी २०१० ते २०१५ या काळात पित्ताशयाच्या कॅन्सरचे १०४२ रुग्ण आणि कॅन्सर नसलेली १७०९ माणसं यांच्या डीएनएतली लाखो स्थानं ताडून पाहिली. कोणत्या जनुकावर संशय घ्यायचा हे आधी ठरवलं नव्हतं. सगळ्या मजकुरावरून नजर फिरवायची आणि रुग्णांत एखादं अक्षर वारंवार येतं का ते पाहायचं, अशी ही पद्धत. नंतर वेगळ्या रुग्णांवर निकाल पडताळला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ने तो छापला. सातव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या पट्ट्याकडे बोट दाखवलं गेलं. तिथे एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ हे दोन जनुक शेजारी शेजारी आहेत.

हे दोन्ही जनुक यकृताच्या पेशींत पंप बनवतात. एबीसीबी-४ चा पंप लेसिथिन जातीचं स्निग्ध द्रव्य पित्तात सोडतो. पित्तातले क्षार साबणासारखे तीक्ष्ण असतात. हे स्निग्ध द्रव्य त्यांना आवरतं आणि कोलेस्टेरॉल विरघळलेलं ठेवतं. ते कमी पडलं की क्षार पित्ताशयाच्या आणि नलिकांच्या अस्तराला भाजत राहतात आणि कोलेस्टेरॉलचे खडे धरतात. हा जनुक दोन्ही प्रतींत पूर्ण बिघडलेला असेल तर लहानपणीच गंभीर कावीळ होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी १९९३ साली उंदरांतून याच जनुकाचा जोडीदार काढून टाकला, तेव्हा त्यांचं यकृत सुजत गेलं. पुढे अशा उंदरांना यकृताचा कॅन्सर होतो हेही दिसलं. यकृत आणि पित्ताशय यांच्या कॅन्सरचे धागे इथे एकमेकांत गुंततात. दुसरा, एबीसीबी-१ चा पंप औषधं आणि परकी रसायनं पेशीबाहेर, पित्तात ढकलतो.

या शोधाचं मोल यात आहे. ज्या पाठभेदांमुळे धोका वाढतो ते पित्तात काय सोडायचं हे ठरवणाऱ्या पंपांजवळ निघाले आणि बनारसच्या डॉक्टरांना त्याआधी एकोणीस वर्षं पित्तातच जड धातू सापडले होते. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच थेंबापाशी येऊन पोचली. २०२१ मध्ये टाटाच्याच गटाने आणखी एक पाऊल टाकलं. पित्तखड्यांमुळे कॅन्सर होतो, की दोन्हींचं कारण तिसरंच काही आहे, हा जुना वाद होता. खडे होण्याची प्रवृत्ती देणारे पाठभेद जन्मतःच मिळतात, राहणीमानावर ते अवलंबून नसतात. ते ज्यांच्याकडे जास्त, त्यांना पित्ताशयाचा कॅन्सरही जास्त, असं निघालं. खडे हे नुसते सोबती नाहीत, कारणांच्या साखळीतले आहेत, याला त्यामुळे बळ मिळालं.

पण सातव्या गुणसूत्रावरचे हे पाठभेद धोका वाढवतात तो दीडपटीच्या आसपास. आसाम, दिल्ली आणि चेन्नई यांच्यातली तफावत याच्या कित्येक पट मोठी आहे. एवढा फरक अक्षरांनी पडत नाही. तो पाणी, अन्न, जंतू, धातू, बाळंतपणं आणि वेळेवर न मिळालेले उपचार यांनी पडतो. काशीतल्या मराठी घराण्यांपुरतं बोलायचं तर पैठणच्या रक्ताने गंगेच्या पाण्यापासून सुटका होत नाही. ज्या पाण्यात मैला मिसळतो ते विषमज्वर आणि हिपॅटायटिस-ए, ई या काविळी देतं. वीरभद्र मिश्र यांनी हे आयुष्यभर सांगितलं. संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठातले जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेला हा माणूस १९८२ पासून गंगा स्वच्छ व्हावी म्हणून झटला. तुलसीघाटावरच्या आपल्या प्रयोगशाळेत तो गंगेच्या पाण्यातले जंतू मोजत असे आणि रोज त्याच गंगेत श्रद्धेने स्नान करत असे. राजीव गांधींनी गंगा कृती योजना १९८६ साली वाराणसीतूनच सुरू केली. मिश्र २०१३ मध्ये गेले. घाटांवर सांडपाणी येणं तेव्हाही थांबलेलं नव्हतं.

जनुकांच्या अभ्यासावर खर्च करण्यापेक्षा नाले बंद करा, असं कोणी म्हणेल. मला हा वाद मान्य नाही. कोणता पंप कुठे कमी पडतो हे समजल्यावरच कोणतं विष कुठून आत येतं हे नेमकं शोधता येतं, आणि भारतीयांच्या शरीराबद्दलचं हे ज्ञान दुसरा कोणी आपल्यासाठी मिळवून देणार नाही. मात्र घरपोच येणाऱ्या जनुकचाचण्या घेऊन यकृताचं किंवा पित्ताशयाचं भविष्य पाहायला जाऊ नका. दीडपट-दुपटीच्या धोक्यावर आज कोणताही डॉक्टर वेगळा उपचार देत नाही.

जे करता येतं ते स्वस्त आहे. घरात कोणाला हिपॅटायटिस-बी किंवा यकृताचा कॅन्सर निघाला असेल तर आई, भावंडं, मुलं सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं आणि ज्यांना विषाणू नाही त्यांनी लशीचे तीन डोस पूर्ण करावेत. बाळाला पहिली लस जन्मापासून २४ तासांच्या आत टोचली गेली पाहिजे. बाळंतपण घरी झालं असलं तरी. हिपॅटायटिस-सी निघाला तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. सिरॉसिस असलेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल तर सोडा आणि गोळ्या घेत महिने काढू नका, एकदा सोनोग्राफी करा. खडे मोठे असतील, त्रास देत असतील किंवा पित्ताशयाची भिंत जाड झालेली असेल तर शल्यविशारदाला विचारा. पोटाच्या या भागातला कॅन्सर वेळेत सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. कावीळ झालेल्या माणसाला उतारा करायला, माळ घालायला नेऊ नका. त्याला आधी रक्त तपासणीला न्या.